आमचे बारभाई

दारू पिणारा माणूस पाहायचा असेल तर वाईन शॉपसमोर उभं राहावं. कॉकटेल करणारा पाहायचा असेल तर फळवाल्याकडे जावं लागतं. तो अननसाचा बुडखा नाकाशी धरून डोळे मिटतो, मग दुसरा अननस उचलतो, मग पुन्हा पहिल्यावर येतो. फळवाला विचारतो, "शिऱ्याला पाहिजे का साहेब?" "तसंच समजा," असं म्हणून तो लिंबांकडे वळतो. शहाळं घ्यावं की नारळ यावर मनातल्या मनात थोडा भांडतो, पुदिन्याची जुडी हुंगून परत ठेवतो, आणि घरी निघतो तेव्हा त्याच्या कापडी पिशवीतून अननसाची हिरवी शेंडी वर आलेली असते. शेंडीच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली असते. जिन्यात भेटणाऱ्याला शेंडी दिसावी आणि त्याने पिशवीत आणखी डोकावू नये, एवढा विचार त्या मांडणीत केलेला असतो.

आमच्या सोसायटीतला असा गृहस्थ म्हणजे बारभाई. हे नाव अर्थात सोसायटीने ठेवलेलं आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर जे बारभाई एकत्र आले त्यांच्याशी यांचा संबंध इतकाच, की यांचंही कारस्थान बंद दाराआड चालतं आणि तडीला जायला फार वेळ लागतो.

बारभाई एका सहकारी बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले. सगळी नोकरी दुसऱ्यांच्या खतावण्यांमधली तफावत शोधण्यात गेली. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, पण तपासायला काही मिळालं नाही. महिनाभर त्यांनी वाण्याची बिलं तपासली. दुसऱ्या महिन्यात वाण्याने वहिनींना सांगून पाहिलं. तिसऱ्या महिन्यात बारभाईंच्या आयुष्यात कॉकटेल आलं. वाण्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि आम्ही सापडलो.

त्यांची एक लांबट वही आहे, लाल कापडाच्या पाठीची. तीत प्रत्येक प्रयोगाची नोंद असते. तारीख, फळाचं नाव, वजन सालीसकट, वजन सालीविना, रम मिलिलिटरमध्ये, बर्फ नगांमध्ये, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. "लिंबू प्रमाणाबाहेर. पुन्हा असे होऊ नये." "आंबट-गोडाचा ताळमेळ बसला. मात्र साखरेत ५ ग्रॅमची तफावत, खुलासा मागवावा." खुलासा वहिनींकडून मागवलेला असतो. वहिनींनी तो आजतागायत दिलेला नाही.

परवान्याच्या बाबतीत बारभाईंच्या नखाची सर कोणाला येणार नाही. महाराष्ट्रात स्वतःच्या घरी बसून, स्वतःच्या पैशाची दारू प्यायलाही परवाना लागतो, हे कित्येक मुरलेल्या पिणाऱ्यांच्या गावी नसतं. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा अजून हयात आहे. नावातली मुंबई जाऊन महाराष्ट्र आला एवढंच. वर्षाचा परवाना १०० रुपयांत मिळतो, आजीव १,००० रुपयांत. बारभाईंनी आजीव घेतला. "दहा वर्षं जगलो की वसूल," असा त्यांचा हिशेब. तो लॅमिनेट करून फ्रिजच्या शेजारी टांगलेला आहे. त्या कायद्यात माणसाची प्रकृती राखण्यासाठी परवाना देण्याची तरतूद आहे, आणि ती बारभाईंना तोंडपाठ आहे. वहिनींनी रक्तदाबाची गोळी पुढे केली की ते आधी कायदा म्हणून दाखवतात आणि मग गोळी घेतात.

कायद्यात वयाचीही अट आहे. रमसाठी पंचवीस पूर्ण लागतात. तिसऱ्या मजल्यावरचा संगणकवाला मुलगा एकदा हौसेने बैठकीला आला, तर बारभाईंनी त्याचं आधारकार्ड मागितलं. पंचवीसला चार महिने कमी होते. त्याला अननसाचा नुसता रस मिळाला आणि वहीत नोंद झाली, "एक सभासद अपात्र." तो मुलगा पुढे बंगळुरूला गेला. त्यामागे हे कारण नसावं, पण नक्की सांगता येत नाही.

एवढं सगळं कशासाठी, असं कोणी विचारलं तर बारभाईंचं उत्तर ठरलेलं आहे. "मी पीत नाही. मी करतो."

मला या उत्तरात आपल्या मध्यमवर्गाची तीन पिढ्यांची धडपड दिसते. आजोबांच्या काळी ब्रँडीची बाटली औषधाच्या कपाटात असे, तिच्यावर कफाची चिठ्ठी असे, आणि कफ नसलेल्यांना ती दिसतही नसे. वडिलांच्या काळी ती कपड्यांच्या कपाटात, रजयांच्या मागे गेली आणि "अमका आला म्हणून" बाहेर येऊ लागली. त्या अमक्याच्या घरी ती "तमका आला म्हणून" बाहेर येई. बारभाईंनी तिला उजेडात, जेवणाच्या टेबलावर आणली, पण एकटी आणायचा धीर त्यांनाही झाला नाही. तिच्याबरोबर अननस, नारळ, लिंबू, पुदिना अशी पाठराखणीची फौज दिली. फळं दिसली की घरातली बाई बसायला येते, म्हातारी सल्ला देते, शेजारी आत येताना चपला काढतो. क्वार्टर घेऊन एकटा बसणाऱ्याला लोक बेवडा म्हणतात, त्याच क्वार्टरमध्ये अर्धा अननस घातला की त्याला "काय हौशी आहेत हो!" म्हणतात.

शनिवारी साडेसहाचं बोलावणं असतं. आम्ही ठरलेली माणसं असतो: मी, तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर आणि समोरच्या विंगमधले सुभेदार. सुभेदार साताऱ्याकडचे, फौजेत आयुष्य काढून आलेले. ते सहा पंचवीसला हजर असतात आणि दहा वाजेपर्यंत ताठ बसून राहतात.

टेबलावर सगळं सत्यनारायणाच्या पूजेसारखं मांडलेलं असतं, आणि यजमानही नुकतीच आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून आलेले असतात. डावीकडे वजनकाटा. मध्ये चौकोनी, ठेंगणी, खरबरीत काचेची ओल्ड मंकची बाटली. उजवीकडे पांढऱ्या रमची, जिच्या लेबलावर वटवाघूळ आहे. ही बाटली पहिल्यांदा घरात आली त्या दिवशी बारभाईंच्या आई, वय पंच्याऐंशीच्या पुढचं, चष्मा पुसून म्हणाल्या, "अरे, हे काय आणलंस घरात? ते बाहेरच बरं असतं." मग बारभाईंनी आईंना क्यूबाची कथा सांगितली. फाकुंडो बाकार्दी नावाच्या माणसाने १८६२ साली सांतियागोत कारखाना घेतला, त्याच्या आढ्याला वटवाघळं लटकत होती, आणि त्याच्या बायकोने ती शुभ मानून चिन्ह करायला सांगितलं. आईंनी सगळं ऐकलं. "त्यांच्याकडे शुभ असतील," म्हणाल्या, "आपल्याकडे चिकू खाऊन जातात."

बैठकीचा पहिला तास इतिहासाचा असतो. पेला रिकामा असतो. खारे शेंगदाणे आणि चकलीचे तुकडे समोर असतात आणि आम्ही ते मोजून खातो, कारण पुढे किती वेळ आहे ते आम्हाला माहीत असतं.

"पिना कोलाडा कोणी काढला," बारभाई चष्मा कपाळावर सरकवून सुरुवात करतात, "हे प्रकरण अजून न्यायप्रविष्ट आहे." पोर्तो रिको नावाचं बेट, त्याची राजधानी सान हुआन. तिथल्या कारिबे हिल्टन हॉटेलचं म्हणणं असं, की १९५४ साली आमच्याकडच्या रामोन मार्रेरो नावाच्या बारमनने हे पेय तयार केलं. जुन्या शहरातल्या बाराचिना नावाच्या रेस्तराँने मात्र भिंतीवर पाटी ठोकली आहे, की १९६३ साली इथेच, रामोन पोर्तास मिंगोत यांनी. बारभाईंची मुलगी मायामीला असते. ती बोटीच्या सहलीत सान हुआनला उतरली आणि त्या पाटीचा फोटो बापाला पाठवला. मुलगी फोटोत कोपऱ्यात हसत उभी होती. बारभाईंनी तिला बाजूला सारून फक्त पाटी मोठी केली, दोनदा वाचली आणि शेरा दिला, "पाटीला कागदाचा आधार नाही. कोणीही लावेल." पोर्तो रिकोच्या सरकारने १९७८ साली हे आपलं अधिकृत पेय म्हणून जाहीर केलं, तेही कोणी काढलं या वादात न पडता. हे बारभाईंना मनापासून पटतं. "सहकारात असंच करतात. भांडण तसंच ठेवायचं, ठराव एकमताने मंजूर करायचा."

मग १९५४ हा आकडा पुन्हा येतो. त्याच साली आपल्याकडे मोहन मीकिनने ओल्ड मंक बाजारात आणली. एक तिकडे, एक इकडे, साल एकच. हा योगायोग आहे असं कोणी म्हटलं तर बारभाईंना वाईट वाटतं. जाणकार सांगतात की पिना कोलाडात पांढरी रमच हवी, काळीने रंग मळकट होतो. बारभाई पाहुण्यांसमोर पांढरी ठेवतात, तिचा मान राखतात, पण घालतात ओल्ड मंक. तिचा व्हॅनिलाचा वास आणि अननस यांची पत्रिका त्यांनी स्वतः जुळवली आहे.

"मग लग्न कधी लावताय?" सुभेदार विचारतात. "तुमचा त्यो कोलदांडा हातात कधी यायचा?"

सुभेदार पिना कोलाडाला कोलदांडाच म्हणतात. बारभाईंनी तीनदा दुरुस्त केलं आणि सोडून दिलं. त्या तासाभरात आमची अवस्था पाहिली तर सुभेदारांचा शब्द जास्त बरोबर आहे.

पण बारभाईंना अजून कोलंबस उरकायचा असतो. १४९३ साली दुसऱ्या सफरीला निघालेला कोलंबस जहाजात ऊस घेऊन गेला आणि त्याच सफरीत ग्वादेलूप बेटावर त्याला अननस भेटला. "ऊस दिला, अननस घेतला," बारभाई म्हणतात. "एवढा मोठा व्यवहार, आणि व्हाउचर नाही." पुढे पोर्तुगीजांनी तो अननस आपल्या किनाऱ्याला आणला, आणि अकबराच्या काळात ऐने-अकबरीत त्याची नोंदही झाली, हे सांगताना त्यांचा चेहरा खुलतो; कुठेतरी नोंद झाली याचा आनंद. त्या बेटांवरचा ऊस तोडायला आफ्रिकेतून माणसं साखळदंडात बांधून नेली, ती नोंद मात्र बारभाई शनिवारी वाचत नाहीत. रमच्या इतिहासातलं ते पान त्यांना माहीत आहे. एकदा मी विचारलं तेव्हा ते गप्प झाले आणि म्हणाले, "ते पाहुण्यांसमोर नको."

सुभेदारांना कोलंबसाशी कर्तव्य नाही. त्यांचा स्वतःचा दीड एकर ऊस आहे. तो कारखान्याला जातो, साखर काढून काढून जी काळी, चिकट मळी उरते तिचं डिस्टिलरीत काय होतं ते त्यांना डोळ्यांनी ठाऊक आहे, आणि मग कॅन्टीनच्या खिडकीतून ती लाल होऊन कशी परत मिळते तेही. "आमचाच माल," ते म्हणतात, "फक्त फिरून येतो." कॅन्टीनची रम आणि कोमट पाणी, याच्या पलीकडे त्यांनी कधी पाहिलेलं नाही. बारभाईंनी त्यांना कोंडीत पकडायला ब्रिटिश नौदलाचा दाखला दिला. १७४० साली ॲडमिरल व्हर्नननेच खलाशांच्या रममध्ये पाणी घालायचा हुकूम काढला, म्हणजे मिश्रण ही लष्करी परंपराच आहे. सुभेदार म्हणाले, "पाणी घातलं ना? अननस नाय ना घातला?"

बाटलीवरच्या ४२.८ या आकड्यावरही एक व्याख्यान आहे. जुन्या काळी रमचं पाणी तपासायला ती बंदुकीच्या दारूवर ओतून काडी लावत. दारू पेटली तर माल खरा. ती खरी ठरण्याची सीमा पुढे ५७ टक्क्यांच्या आसपास बसवली गेली आणि तिला शंभर प्रूफ म्हणू लागले. त्या मापाने आपली ४२.८ म्हणजे पंच्याहत्तर. हे ऐकताना सुभेदारांनी पहिल्यांदा मान हलवली. तपासणीची ही पद्धत बारभाईंच्या खात्यात असती तर किती सहकारी बँका पेटल्या असत्या, असा विचार दातांच्या डॉक्टरांनी बोलून दाखवला, आणि बारभाईंनी तो हसून न घेता गंभीरपणे घेतला.

साडेसातला कृती सुरू होते, आणि इथे सूत्रं आईंकडे जातात. सुरुवातीच्या दिवसांत बारभाई सुरीने अननस सोलत. सालीबरोबर अर्धा अननस जाई आणि उरलेल्यात डोळे राहत. आईंनी तीन शनिवार पाहिलं, चौथ्या शनिवारी विळी मागवली. त्या वयातही त्या साल पातळ काढतात, मग तिरक्या रांगेत बसलेल्या डोळ्यांवरून फिरती खाच मारत जातात आणि डोळ्यांची अख्खी माळ बाहेर येते. काही वाया जात नाही. बारभाई शेजारी वजनकाटा घेऊन उभे असतात. "आई, सालीविना आठशे दहा!" "बरं," आई म्हणतात, "हात पुस."

दुधाचा काळ हा या घराण्यातला काळा काळ. एका व्हिडिओत कोणी गोऱ्या बाईने अननस, दूध आणि व्हॅनिला आइसक्रीम मिक्सरमध्ये घातलेलं बारभाईंनी पाहिलं. आई खुर्चीतून म्हणाल्या, "कच्च्या अननसात दूध घालू नकोस रे. कडू होतं."

"आई, हे शिकरण नाहीये."

"दुधाला काय माहीत?"

त्या दिवशीचं पेय पहिल्या मिनिटाला सुंदर होतं. बारभाई त्यावर पुदिन्याचं पान ठेवून फोटो काढत होते, तो फोटो मुलीला गेला, तिचं उत्तर आलं, आणि तेवढ्यात पेल्यात वर चोथा आणि खाली पाणी अशी वाटणी झाली. चव कडू. डॉक्टरांनी दंतवैद्यकाच्या शिस्तीत पेला न थुंकता संपवला. वहीत शेरा पडला, "दुधाचा पुरवठादार बदलावा." पुरवठादार बदलून पुन्हा तेच झालं. मग बारभाईंनी आठवडाभर अभ्यास केला आणि पुढच्या शनिवारी आम्हाला सांगितलं, की कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एंझाइम असतं, ते प्रथिनांचे तुकडे करतं, त्यात दुधाची प्रथिनं फुटतात आणि चव कडवट होते. अननस शिजवला किंवा डब्यातला घेतला तर उष्णतेने ते निकामी झालेलं असतं. हे सगळं त्यांनी आईंकडे तोंड करून सांगितलं. आईंनी ब्रोमेलेनचं नाव दोनदा विचारून घेतलं. "आमच्याकडे शिऱ्यात आधी अननस शिजवूनच घालतात," एवढंच म्हणाल्या.

दूध गेलं, नारळ आला. अस्सल कृतीत गोड केलेली नारळाची साय लागते. पोर्तो रिकोच्याच विद्यापीठातल्या रामोन लोपेस इरिसारी यांनी ती तयार केली आणि तिचा डबा जगभर गेला. बारभाईंनी तो डबा मागवण्यासाठी फोनवर किंमत पाहिली आणि वहिनींना दाखवली. वहिनी मालवणच्या. "डब्यातला नारळ? माझ्या घरात?" हा प्रश्न नव्हता हे बारभाईंना पंचेचाळीस वर्षांच्या संसाराने शिकवलेलं होतं. वहिनींनी नारळ फोडला, खवला, मिक्सरमधून काढला, पंच्यात पिळला. पहिलं दाट दूध वाटीत, दुसरं पातळ उद्याच्या सोलकढीसाठी वेगळं. दाटात साखर आणि मिठाची कणी घालून मंद आचेवर फक्त कोमट केलं, साखर विरघळेपर्यंत. उकळू दिलं नाही. उकळलं की फाटतं.

"साखर किती घातलीस?"

"लागेल तेवढी."

"म्हणजे किती?"

"नजरेने."

वहीत "नजरेने" असा रकाना नाही. आता वहिनी आत गेल्या की बारभाई साखरेचा डबा आधी आणि नंतर वजन करतात. वहिनींना हे माहीत आहे. मधूनच त्या एक चमचा साखर चहात घालतात आणि हिशेब पुन्हा बिघडतो. त्या ५ ग्रॅमचा खुलासा मला वाटतं तिथे आहे, पण मी सांगणार नाही. त्यांची सोलकढी मला हवी आहे.

सजावटीचं लाल फळ मात्र बारभाईंनी स्वतः पारखून आणलं होतं. केकवाल्याकडून, चेरी म्हणून, छोट्या डबीत. कॅरिबियन बेटांचा सूर्यास्त पेल्यावर उतरणार होता. आईंनी एक उचललं, चावलं, बी काढलेली जागा जिभेने चाचपली. "करवंद आहे."

"आई, चेरी आहे ती."

"रंग दिलाय. पाकातलं करवंद आहे."

आणि ते तसंच असतं. आपल्याकडच्या केकवरच्या, आइसक्रीमवरच्या कितीतरी चेऱ्या म्हणजे रंगवून पाकवलेली करवंदं. डोंगरातल्या जाळीतलं फळ मुंबईत येऊन नाव बदलून राहतं, यात नवल काही नाही. बारभाईंना मात्र मालाच्या वर्णनात तफावत सापडली याचं दुःख व्हावं की आनंद, हे ठरवायला वेळ लागला. वहीत आता नोंद असते, "चेरी (करवंद), ४ नग."

बर्फाचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो आवाजाचा आहे. बर्फ मिक्सरला देणं बारभाईंना मान्य नाही. पात्यांनी फुटलेला बर्फ लवकर वितळतो आणि पेय पाणचट होतं, असं त्यांचं मत. ते बरोबर आहे की नाही माहीत नाही. टॉवेलमध्ये बर्फ गुंडाळून खलबत्त्याच्या बत्त्याने तो फोडला जातो. रात्री आठनंतर घरात फोडकाम करू नये असा सोसायटीचा नियम आहे, आणि तो नियम बारभाई चेअरमन असताना त्यांनीच मंजूर करून घेतला होता. खालच्या मजल्यावरून फोन येतो. बारभाई फोनवर म्हणतात, "हो, तक्रार लेखी द्या," आणि ठोकत राहतात.

मग एकदाचं प्रमाण. ६० मिलि रम, ९० मिलि अननसाचा रस, ४५ मिलि नारळाचं ते गोड दूध, अर्ध्या लिंबाचा रस, मूठभर बर्फ. लिंबू मूळ कृतीत नाही, ते आईंनी घातलं, "नाहीतर गोडमिट्ट होईल." मोजायला मुलीने पाठवलेलं चकचकीत माप आहे, पण त्यावर औंसात आकडे असल्याने बारभाईंचा त्यावर विश्वास नाही. ते नातवाच्या खोकल्याच्या औषधाचं प्लॅस्टिकचं टोपण वापरतात, ज्यावर पाच-दहा-पंधराच्या रेघा आहेत. ६० मिलि रमसाठी चार टोपणं. तीन पेल्यांसाठी बारा. प्रत्येक टोपण डोळ्यांच्या रेषेत धरून, खालच्या वळणावर रेघ आली की नाही ते पाहून. बाराव्या टोपणाला सुभेदारांनी घड्याळ पाहिलं. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यातून ते हलवलं गेलं, डबा थंड होऊन झाकण आत बसलं, ते उघडायला डॉक्टर पुढे झाले आणि त्यांनी व्यवसायातलं कसब वापरून ते एका झटक्यात उपटलं.

सव्वानऊला पेले हातात आले.

खोटं कशाला बोलू? उत्तम होतं. आधी नारळ ओठाला लागला, मग अननसाची आंबट चिमूट, मग मागून ओल्ड मंकचा तो गूळ-व्हॅनिलाचा उबदार हात खांद्यावर पडला. मिठाची कणी कुठे होती ते कळत नव्हतं, पण ती नसती तर कळलं असतं. डॉक्टर काही बोलले नाहीत; पेल्याच्या तळाचं करवंद त्यांनी बोटाने काढलं. सुभेदारसुद्धा म्हणाले, "चांगलं आहे." आईंना वहिनींनी विनारमचा पेला दिला होता. त्यांनी तो संपवून विचारलं, "त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय होता?" बारभाई म्हणाले, "साठ मिलिलिटर."

दुसरा पेला मात्र नाही. विचारायची सोय नाही. अननस संपलेला असतो, नारळाच्या दुधाचा शेवटचा थेंब पेल्यात गेलेला असतो, आणि तीच चव परत आणायची तर सगळी मापं पहिल्यापासून घ्यावी लागतील. "नमुना एवढाच," बारभाई म्हणतात आणि शाईचं पेन उघडतात. त्यांच्या स्वतःच्या पेल्यात काय असतं हे फार दिवस माझ्या लक्षात आलं नव्हतं. काही नसतं. ते सबंध संध्याकाळ चमच्याने चाखतात. साखरेनंतर एक, लिंबानंतर एक, बर्फानंतर एक. शेवटी डब्याच्या तळाशी जे उरतं ते तीन पेल्यांची पातळी सारखी करण्यात जातं. कधी कधी पातळी तिसऱ्या पेल्यावर संपते आणि तो पेला माझा असतो.

परवा बैठक उठल्यावर सुभेदारांनी मला जिन्यात थांबवलं. "चला घरी. दोन मिनिटं." त्यांच्या घरी टेबलावर एक स्टीलचा तांब्या, एक बाटली आणि दोन पेले इतकंच. त्यांनी अंदाजाने ओतलं, तांब्यातलं कोमट पाणी घातलं आणि पेला माझ्याकडे सरकवला. सगळं मिळून पाऊण मिनिट लागलं असेल. आम्ही पहिला घोट घेतो न घेतो तो बेल वाजली.

दारात बारभाई. सदरा तोच, बर्फाने ओला झालेला, हातात वही.

"झोप येईना," म्हणाले. "म्हटलं बघावं, तुम्ही कसं करता."

सुभेदारांनी तिसरा पेला काढला, ओतलं, पाणी घातलं. बारभाईंनी वही उघडून तारीख टाकली, फळाच्या रकान्यात रेघ मारली आणि विचारलं, "पाणी किती अंशांचं?"

सुभेदारांनी वही त्यांच्या हातातून घेतली, मिटली, टेबलावर ठेवली आणि तिच्यावर त्यांचा पेला ठेवला.

"अहो, डाग पडेल—"

"बारभाई," सुभेदार म्हणाले, "परेड, विश्राम!"

बारभाईंनी पेला उचलला आणि चमचा न मागता अर्धा केला.